अन्यायावरचे हेवी मेटल गाणे: शब्दांपासून अंतिम मिक्सपर्यंत

मेटॅलिका या अमेरिकी बँडने १९८८ साली जानेवारी ते मे या काळात लॉस एंजेलिसमधील वन ऑन वन या स्टुडिओत आपला चौथा अल्बम ध्वनिमुद्रित केला. ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ हे त्याचे नाव अमेरिकेतील शाळकरी मुले राष्ट्रध्वजापुढे उभी राहून जी प्रतिज्ञा म्हणतात तिच्या शेवटच्या शब्दांवरून घेतलेले होते. ‘आणि सर्वांना न्याय’ हे त्या प्रतिज्ञेतील आश्वासन बँडने उपरोधाने उचलले. मुखपृष्ठावर दोरखंडांनी जखडलेली न्यायदेवता आणि नोटांनी ओसंडणारी तिच्या तराजूची पारडी होती. याच नावाचे सुमारे पावणेदहा मिनिटांचे शीर्षकगीत पैशाने विकत घेतल्या जाणाऱ्या न्यायाविषयी आहे, आणि अन्यायावर मेटल गाणे करू पाहणाऱ्या कोणालाही ते अभ्यासाला घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही.

त्या अभ्यासात एक विचित्र गोष्ट पहिल्या पाच मिनिटांतच लक्षात येते, ती म्हणजे गाण्यात बास गिटार, म्हणजे खर्जातले स्वर देणारी गिटार, जवळजवळ ऐकूच येत नाही. बँडचा आधीचा बासवादक क्लिफ बर्टन २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला होता आणि त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा बँडबरोबरचा हा पहिलाच पूर्ण अल्बम होता. अल्बमचे मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांच्या पातळ्या जुळवून त्यांचे एक गाणे करण्याचे काम, करणाऱ्या जोडीपैकी स्टीव्ह थॉम्पसन यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले की बास खाली घेण्याची सूचना ड्रमर लार्स उलरिख यांच्याकडून आली होती. न्यायाची मागणी करणाऱ्या अल्बममध्ये नव्या वादकाचेच म्हणणे असे दाबले गेले. २०१८ साली अल्बमचे नवे संस्करण निघाले तेव्हाही बँडने तो बास वाढवला नाही.

पुढील मार्गदर्शन या एका निरीक्षणावर उभे आहे. ज्याचा आवाज ऐकला गेला नाही त्याला ऐकू आणणे हे अन्यायावरच्या गाण्याचे काम असते, आणि ते काम शब्दांच्या टप्प्यावर जितके करावे लागते तितकेच मायक्रोफोन आणि मिक्सच्या टप्प्यावर करावे लागते. शब्द उत्तम असूनही गिटारच्या भिंतीआड एक अक्षर कळत नाही, अशी गाणी आपल्याकडच्या होतकरू बँडांकडून मी पुष्कळ ऐकली आहेत, आणि स्वतःही केली आहेत.

घटना निवडणे

‘व्यवस्था’, ‘सत्ता’, ‘साखळदंड’, ‘क्रांती’ हे शब्द पहिल्या मसुद्यात आले की तो मसुदा बाजूला ठेवावा. अन्याय असा सर्वसाधारण रूपात कोणाच्याही वाट्याला येत नाही; तो एखाद्या गावात, एखाद्या तारखेला, एखाद्या कागदावर सही होऊन येतो. मेटॅलिकाच्या शीर्षकगीताने सर्वसाधारण मांडणी पसंत केली आणि ती पेलली, कारण तिच्यामागे अमेरिकी श्रोत्याला पाठ असलेली प्रतिज्ञा उभी होती आणि मोडलेल्या वचनाचा संदर्भ वेगळा सांगावा लागत नव्हता. मात्र त्याच अल्बममधले जे गाणे अधिक लोकांच्या मनात राहिले, ते ‘वन’, एका माणसाचे आहे: युद्धात हातपाय, डोळे, कान आणि वाचा गमावलेला, पण जाणीव शाबूत असलेला सैनिक. त्याचे बीज डाल्टन ट्रम्बो यांच्या १९३९ सालच्या कादंबरीत होते.

ब्राझीलच्या सेपल्टुरा बँडने तर वृत्तांताच्याच जवळ जाण्याचा मार्ग धरला. २ ऑक्टोबर १९९२ रोजी साओ पाउलोतील कारांदिरू तुरुंगात दंगल मोडून काढण्याच्या नावाखाली पोलिसांनी कारवाई केली आणि तीत १११ कैदी मारले गेले. पुढच्याच वर्षी आलेल्या त्यांच्या अल्बममधील ‘मॅनिफेस्ट’ हे गाणे या एकाच घटनेवर आहे. न्यूझीलंडच्या एलियन वेपनरी या तरुण बँडने १८६३ च्या कायद्याने माओरी लोकांच्या जमिनी कशा जप्त झाल्या त्यावर ‘राउपाटू’ हे गाणे केले आणि ते माओरी भाषेतूनही गायिले. त्या शब्दाचा अर्थच जप्ती असा आहे. मराठीत मेटल शोभेल का, ही शंका ज्यांना अजून सतावते त्यांनी हे गाणे ऐकावे.

आपल्याकडचे एक उदाहरण सरावासाठी घेऊ, म्हणजे पुढील प्रत्येक टप्पा त्याच्यावर पडताळून पाहता येईल. पुण्याजवळच्या मुळशी खोऱ्यात वीजनिर्मितीसाठी बांधल्या जाणाऱ्या धरणाखाली ज्यांच्या जमिनी जाणार होत्या त्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह सुरू केला. त्याचे नेतृत्व करणाऱ्या पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्यात मिळाले. लढ्याची घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’. लढा हरला आणि धरण झाले. मेटल गाण्याला लागणारे सारे यात आहे: ठरावीक जागा, ठरावीक काळ, तीन शब्दांत मावणारा पेच आणि पराभव. पराभव मुद्दाम म्हटले, कारण विजयाच्या कथेला पोवाडा पुरतो.

घटना ठरल्यावर गाण्याआधी कागद गोळा करावेत. जुन्या विषयासाठी ग्रंथालयांतील वृत्तपत्रांचे अंक आणि गॅझेटियर, नव्या विषयासाठी न्यायालयांच्या संकेतस्थळांवर मिळणारे निकाल आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागवता येणारी कागदपत्रे, यांतून सापडणारे कोरडे शब्द संतापाच्या शब्दांपेक्षा अधिक धारदार निघतात. ‘सातबारा’, ‘फेरफार’, ‘पंचनामा’, ‘तारीख’, ‘हजर राहावे अन्यथा’ ही सरकारी मराठी किंकाळीच्या स्वरात म्हटली की अंगावर येते, आणि ती कोणत्याही इंग्रजी गाण्याची नक्कल वाटत नाही.

आता गाणारा कोण, हे ठरवावे. पीडिताच्या तोंडी बोलणे हा सर्वांत मोहाचा आणि सर्वांत घसरडा पर्याय आहे. ज्याने ती वेदना भोगलेली नाही त्याने प्रथमपुरुषी गावे की नाही यावर माझे मत असे की घटना शंभर वर्षांपूर्वीची असेल तर खुशाल गावे; ती भोगणारी माणसे हयात असतील तर त्यांना आधी भेटावे, शब्द वाचून दाखवावेत आणि त्यांनी नको म्हटले तर गाणे सोडून द्यावे. साक्षीदार, कारकून, जप्तीचा हुकूम वाचून दाखवणारा शिपाई, किंवा खुद्द तो हुकूम, असे तिरके निवेदक बहुतेक वेळा अधिक प्रभावी ठरतात. मुळशीच्या गाण्यात मी पाण्याला बोलू दिले असते.

कायद्याचे भान थोडक्यात सांगतो. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडित व्यक्तीची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि केवळ नाव टाळून गाव, शाळा व नाते सांगितले तरी ओळख उघड होऊ शकते. हयात व्यक्तीवर सिद्ध न झालेला आरोप नावानिशी केल्यास कलम ३५६ मधील बदनामीची तरतूद लागू होऊ शकते. निकालात नोंदवलेले तथ्य आणि आपला अंदाज यांतील रेषा मसुद्यातच वेगळ्या रंगाच्या पेनाने दाखवून ठेवावी.

शब्द बसवणे

मराठी बोलताना शब्दाच्या शेवटचा अकार गिळला जातो, पण गाताना तो उच्चारता येतो. ‘सातबारा’ बोलताना तीन उच्चारांचा आहे, सात्-बा-रा. गाताना सा-त-बा-रा असे चार घाव घालता येतात. ही मुभा जपून वापरावी, कारण सगळीकडे अकार मोकळा केला तर भाषा भावगीताची होते आणि सगळीकडे गिळला तर ओळी तुटक होतात. माझा प्रघात असा की कडव्यात बोलीप्रमाणे उच्चारावे आणि ध्रुपदात अकार मोकळा सोडावा.

वेगाचे गणित एकदा कागदावर करावे. मिनिटाला १८० ठोक्यांच्या गतीत एक ठोका एक तृतीयांश सेकंदाचा आणि अर्धा ठोका एक षष्ठांश सेकंदाचा असतो. अर्ध्या ठोक्याला एक अक्षर धरले तर सेकंदाला सहा अक्षरे होतात, आणि जोडाक्षरांनी भरलेल्या मराठी ओळीला ही मर्यादा समजावी. ‘न्यायालयाच्या’ हा शब्द पाच अक्षरांत चार गुरू घेऊन येतो. तो या गतीत जिभेवरून घसरतोच, म्हणून तो संथ भागासाठी राखावा आणि वेगवान भागात ‘कोर्ट’ म्हणावे.

आता ‘जान किंवा जमीन’ मोजून पाहू. जा २, न १, किं २, वा २, ज १, मी २, न १, अशा अकरा मात्रा होतात. चार ठोक्यांच्या आवर्तनात अर्ध्या ठोक्याच्या आठ मात्रा, म्हणजे दोन आवर्तनांत सोळा. ओळ अकराव्या मात्रेला संपते आणि पाच मात्रा उरतात. त्या पाच मात्रांत केवळ गिटार वाजू देता येते. किंवा त्या काढूनच टाकाव्यात आणि अकरा मात्रांचे विषम आवर्तन घ्यावे, म्हणजे ऐकणाऱ्याला उसंत मिळत नाही आणि प्रत्येक फेरीला जमीन पायाखालून थोडी सरकल्यासारखी वाटते. मेटॅलिकाच्या त्या अल्बममध्ये ताल सतत बदलतात आणि नवे बँड त्याचे अनुकरण कसरत म्हणून करतात. विषम ताल शब्दांच्या मोजणीतून आला तर तो कसरत वाटत नाही.

स्वरांचाही विचार करावा लागतो. मेटलमधल्या खर्जातल्या गुरगुरत्या गायकीत ‘आ’ आणि ‘ओ’ मोठे होतात, ‘ई’ आणि ‘ऊ’ आक्रसतात. ‘जमीन’ मधला ‘मी’ अशा आवाजात चिरडला जातो. त्यावर उपाय पोवाड्यात तयार आहे: शाहिराची ओळ झीलकरी उचलतात. बँडमधल्या सर्वांनी, आणि मिळतील तितक्या मित्रांनी, ती घोषणा साध्या मोकळ्या आवाजात ओरडून म्हणावी आणि मुख्य गायकाने आधीच्या कडव्यात तिच्याकडे नेणाऱ्या ओळी गुरगुराव्यात. इंग्रजी मेटलमध्ये जमावाच्या आवाजात घोषणा देण्याची रूढ पद्धत आहेच. आपल्याला ती झीलकऱ्यांकडून घरबसल्या मिळते. याच ओघात एक इशारा: मराठीपण दाखवण्यासाठी संबळ किंवा हलगी वरून चिकटवू नये. हलगी वाजवणारा माणूस गाण्याच्या रचनेत पहिल्या दिवसापासून बसला असेल तरच ती घ्यावी.

रिफ आणि रचना

मेटलच्या जड आवाजाचा उगम एका कामगाराच्या अपघातात आहे, हे या विषयावर काम करताना विसरू नये. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी वयाच्या सतराव्या वर्षी बर्मिंगहॅममधील पत्र्याच्या कारखान्यात काम करत असताना त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तार दाबणारी बोटे नेमकी हीच होती. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा वापरल्या आणि पुढे तारा सैल लावल्या. त्या सैल तारांचा मंद्र आवाज पुढच्या पिढ्यांनी शैली म्हणून उचलला.

आपल्या कानाला या संगीताचे स्वर परके नाहीत. पाश्चात्त्य मेटलमध्ये वारंवार वापरली जाणारी फ्रिजियन स्वरपंक्ती म्हणजे आपला भैरवी थाट: ऋषभ, गांधार, धैवत, निषाद कोमल. ज्या तणावपूर्ण स्वरांतरावर ब्लॅक सॅबथने आपली ओळख उभी केली ते षड्ज आणि तीव्र मध्यम यांचे. मैफलीच्या शेवटी निरोपासाठी गायिली जाणारी भैरवी तीच स्वरपंक्ती असूनही कोमल ऋषभावरून षड्जावर खाडकन आदळण्याने किती हिंस्र होते, हे ज्याने गाणे शिकले आहे त्याला गिटारवर पहिल्यांदा वाजवताना गंमतच वाटते. मुळशीच्या गाण्यासाठी एकच रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा छोटा तुकडा, घ्यावा: षड्जावर पाच वेळा तळहाताची कड तारांवर टेकवून दाबलेले घाव, मग मोकळा सोडलेला कोमल ऋषभ, आणि परत षड्ज. याहून अधिक स्वर पहिल्या दोन मिनिटांत नकोत.

रचनेच्या लांबीबाबत मेटॅलिकाचे शीर्षकगीत हा इशारा समजावा. गाणे मोठे आहे, भाग अनेक आहेत, आणि १९८८-८९ च्या दौऱ्यात त्याच्या अखेरीस रंगमंचावरची न्यायदेवतेची मूर्ती कोसळत असे, तरीही त्या दौऱ्यानंतर बँडने ते २००७ पर्यंत मंचावर पूर्ण वाजवले नाही. इतके लांब गाणे वाजवताना प्रेक्षकांचे लक्ष सुटते असे त्यांनाच वाटू लागले होते. १९९१ च्या पुढच्या अल्बममध्ये गाणी आखूड झाली आणि बासही परत आला. पहिल्यांदा गाणे करणाऱ्याने पाच मिनिटांच्या पुढे जाऊ नये. त्यातही साधारण साडेतीन मिनिटांवर एक जागा अशी ठेवावी जिथे सर्व वाद्ये थांबतात आणि एक वाक्य, शक्यतो कागदपत्रांतले, कुजबुजत्या आवाजात ऐकू येते. अल्बमचा विचार असेल तर एक निःशब्द रचनाही शोभते: सेपल्टुराने ब्राझीलच्या कायोवा आदिवासींसाठी केलेली एक रचना केवळ अकूस्टिक गिटार आणि तालवाद्यांची आहे, आणि ती वेल्समधील चेपस्टो किल्ल्याच्या अवशेषांत मुद्रित केलेली आहे.

मुद्रण

आधी ठोके. क्लिक ट्रॅकवर, म्हणजे वादकाला हेडफोनमध्ये ऐकू येणाऱ्या टिकटिकत्या ठोक्यांवर, संपूर्ण गाण्याचा नकाशा करावा, त्यात कुठे गती मिनिटाला दोन-चार ठोक्यांनी वाढते ते लिहून ठेवावे. ध्रुपदात गती किंचित चढली तर गाणे माणसांनी वाजवल्यासारखे वाटते. १९८८ साली ड्रम्सच्या चुका दुरुस्त करायला टेप ब्लेडने कापून जोडावी लागे, आज ते काम संगणकावर मिनिटात होते, आणि म्हणूनच प्रत्येक घाव रेषेवर ओढून बसवण्याचा मोह टाळावा लागतो. ज्यांच्याकडे ड्रमर आहे त्यांनी तासावर मिळणाऱ्या सरावखोलीत चार मायक्रोफोनांत मुद्रण केले तरी चालते: एक मोठ्या ढोलाला, एक स्नेअर या खणखणीत छोट्या ढोलाला, दोन वर. ड्रमर नसेल तर संगणकीय ड्रम्स वापरावेत, पण ते टंकून न भरता बोटांनी पॅडवर वाजवून भरावेत.

गिटारचे मुद्रण हा या कामाचा सर्वांत वेळखाऊ भाग आहे आणि तिथेच घाई होते. तोच रिफ दोनदा स्वतंत्रपणे वाजवून एक टेक (एका वेळी मुद्रित केलेले वादन) पूर्ण डाव्या आणि दुसरा पूर्ण उजव्या बाजूला ठेवावा. एकच टेक नक्कल करून दोन्हीकडे ठेवल्यास रुंदी येत नाही, तो मध्येच ऐकू येतो. दोनदा वाजवलेल्या दोन टेकांतील सूक्ष्म फरकच भिंत उभी करतो. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारच्या आवाजात मुद्दाम आणलेली खरखर, घरी एकट्याने वाजवताना जितके हवेसे वाटते त्याच्या दोन तृतीयांशावर आणावे, कारण दोन टेक एकत्र आल्यावर ते वाढते आणि तळहाताने दाबलेल्या घावांची कड बोथट होते. मेटॅलिकाचा त्या काळचा आवाज मेसा बूगी कंपनीच्या मार्क मालिकेतील ॲम्पमधून (गिटारचा आवाज वाढवणाऱ्या यंत्रातून) आला होता आणि त्यातील मधल्या कंप्रता खोलवर कापलेल्या होत्या. शयनगृहातील स्पीकरवर तो आवाज भव्य वाटतो, परंतु मानवी आवाज आणि शब्द याच मधल्या भागात राहतात हे लक्षात घेऊन आपण मध्य कापू नये. ॲम्पसमोर साधा डायनॅमिक मायक्रोफोन स्पीकरच्या शंकूच्या मध्यापासून दोन बोटे बाजूला ठेवावा, एका मित्राला तो हळूहळू सरकवायला सांगावे आणि आपण दुसऱ्या खोलीत हेडफोनवर ऐकावे. सदनिकेत राहणाऱ्यांनी थेट इंटरफेसमध्ये (गिटार संगणकाला जोडणाऱ्या यंत्रात) मुद्रण करून ॲम्पचा आवाज संगणकावर घ्यावा. शेजाऱ्यांशी वैर घेऊन अन्यायावर गाणे करण्यात अर्थ नाही.

इथे दोन स्थानिक अडचणी येतात. पहिली विजेची: घराचे अर्थिंग नीट नसेल तर ५० हर्ट्झची घरघर डिस्टॉर्शनमधून दसपट होऊन येते. संगणक आणि इंटरफेस एकाच बोर्डावर लावावेत, लॅपटॉपचा चार्जर काढून एक टेक करून पाहावा. घरघर गेली तर दोष चार्जरचा समजावा. दुसरी पावसाळ्याची: दमट हवेत गिटारची मान हलते आणि सूर ढळतो, म्हणून जुलैमध्ये मुद्रण करणाऱ्याने प्रत्येक टेकआधी सूर तपासावा. आम्ही एका पावसाळ्यात दोन दिवसांचे काम केवळ यासाठी फेकून दिले. डावी गिटार उजवीपेक्षा खाली उतरली होती आणि ते आम्हाला मिक्सच्या दिवशी कळले.

आता बास. सामान्य सुरावटीत गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर आणि बासची ४१ हर्ट्झवर बोलते, तरीही बास हरवतो, कारण त्याची ओळख पटवणारे वरचे सूर गिटारच्याच प्रदेशात असतात. ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ मध्ये बास बहुतेक ठिकाणी गिटारच्या रिफला तंतोतंत चिकटून वाजतो, त्यामुळे पातळी खाली आणताच तो गिटारच्या सावलीत विरून गेला. यावर पहिला उपाय वादनातच करावा: दर चार आवर्तनांत एकदा तरी बासने गिटारला सोडून वेगळा स्वर घ्यावा, आणि दाबलेल्या घावांच्या जागी लांब स्वर धरावा. दुसरा उपाय मुद्रणात: बासचा तोच टेक दोन ट्रॅकवर घ्यावा, एक स्वच्छ, ज्यातून खालचा भाग ठेवायचा, आणि एक डिस्टॉर्शनसह, ज्यातून सातशे हर्ट्झच्या वरचा खरखरीत भाग ठेवायचा. तिसरा, गिटारमधून ८० ते १०० हर्ट्झच्या खालचे सर्व काढून टाकावे. गिटार एकटी ऐकताना पातळ वाटेल. ती एकटी ऐकू नये.

मुळशीच्या गाण्यात पाण्याचा आवाज बासला द्यावा. पहिल्या कडव्यात तो जवळजवळ नसतो, दुसऱ्यात कळेल न कळेल असा, आणि घोषणा तिसऱ्यांदा येते तेव्हा गिटार थांबून तो एकटाच उरतो. पातळी चढवण्याची ही रेषा मुद्रणाआधी कागदावर आखलेली असावी.

गाण्याचे मुद्रण एका बैठकीत चाळीस मिनिटांहून अधिक करू नये. गुरगुरण्याचा आवाज मूळ स्वररज्जूंच्या वर असलेल्या पडद्यांच्या कंपनातून आणि पोटाच्या स्नायूंनी दिलेल्या हवेच्या दाबातून येतो, घसा आवळून नव्हे. दुखले की थांबावे, कोमट पाणी प्यावे आणि दुसऱ्या दिवशी यावे. मायक्रोफोनचे तोंड मुठीत झाकून गाण्याची मंचावरची सवय स्टुडिओत घातक आहे, कारण तिने व्यंजने मरतात. ट, ठ, ड, ख ही मराठीची हत्यारे आहेत आणि ती धारदारच राहिली पाहिजेत. मुख्य आवाजाचा दुसरा टेक फक्त ओळीच्या शेवटच्या शब्दांवर घ्यावा. झीलकऱ्यांसाठी सहा-सात जणांना एकाच खोलीत मायक्रोफोनपासून दोन मीटरवर उभे करावे, आणि तीच घोषणा तीनदा, दरवेळी जागा बदलून म्हणवून घ्यावी, म्हणजे वीस जणांचा जमाव तयार होतो. मोर्चात घोषणा दिलेला माणूस त्यांत एक जरी असला तरी बाकीच्यांचा सूर लगेच बदलतो, हे मी पाहिले आहे.

मिक्स

मिक्स नेहमीप्रमाणे ड्रम्सपासून न करता शब्दांपासून सुरू करावे. आधी फक्त आवाज आणि बास, मग ड्रम्स, आणि सर्वांत शेवटी गिटार. गिटार वाढवत जावे आणि ज्या क्षणी एखादे अक्षर हरवते तिथून एक पायरी मागे यावे. अंतिम आवाजाची पातळी फुगवण्याच्या स्पर्धेत उतरण्याचे आता कारण उरलेले नाही, कारण स्पॉटिफायसारख्या सेवा सर्व गाणी उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणारी पातळी मोजण्याच्या एककाच्या) आसपास समान करतात आणि दाबून सपाट केलेले गाणे तिथे उलट बारीक वाटते. आपण साडेतीन मिनिटांवर ठेवलेली ती कुजबुजही सपाट मिक्समध्ये किंकाळीइतकीच मोठी होते आणि तिचा काहीच परिणाम उरत नाही.

बँडमधल्या प्रत्येकाला अंतिम मिक्सवर मत असावे आणि कोणाही एकाला दुसऱ्याचे वाद्य खाली घेण्याचा अधिकार नसावा. हा नियम कामाच्या पहिल्या दिवशीच बोलून घ्यावा, कारण शेवटच्या रात्री थकलेल्या कानांनी तो कोणीच पाळत नाही. कान थकल्यावर वरच्या कंप्रता कमी ऐकू येतात आणि माणूस त्या वाढवत जातो. म्हणून रात्रीचे मिक्स सकाळी, कमी आवाजात, मोबाइलच्या स्पीकरवर पुन्हा ऐकावे.

त्यानंतर गाणे अशा एका माणसाला ऐकवावे जो मेटल ऐकत नाही, आणि शक्य असल्यास अशाला ज्याच्या घरातली ती गोष्ट आहे. शब्दांचा कागद हाती देऊ नये. गाणे कसे वाटले हेही विचारू नये. काय घडले ते सांगा, एवढेच म्हणावे. त्याने गाव, माणूस आणि कागद, यांतील दोन गोष्टी बरोबर सांगितल्या तर फाइल मास्टरिंगला, म्हणजे प्रकाशनाआधीच्या अखेरच्या ध्वनिसंस्काराला, पाठवावी, नाही तर गिटार आणखी एक पायरी खाली आणून पुन्हा बोलवावे.